चौलच्या वाडीतले निळे खापर

दिवाळीचे चिवडे-लाडू खुशाल डब्यात जावोत, लोणचे मात्र बरणीतच मुरायला हवे! आता ही 'बरणी' आपण घरचीच समजतो. पण अरबीतही 'बर्निया' म्हणजे मातीचे भांडेच. शब्दाचा निवाडा पंडितांनी करावा. भांडी कुठून आली, ते चौलची जमीन सांगते.

अलिबागेहून रेवदंड्याला जाताना लागते तेच हे चौल. नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचे देऊळ, आणि दुपारी गाढ झोपलेले रस्ते. अरब खलाशी याला 'सैमूर' म्हणत. इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी मसूदी येथे आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इकडून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान त्याला आढळले. राजा होता झंझ, म्हणजे आपला शिलाहार!

डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि सहकाऱ्यांनी चौलला उत्खनन केले. त्याचा वृत्तांत २००६ साली प्रसिद्ध झाला. या बंदरात पश्चिम आशियातली झिलईदार खापरे सापडतात. त्यांतली निळी-हिरवी तर लांबूनही ओळखू येतात. माती पिवळसर, जाडजूड. वर काचेसारखा थर. वाळू आणि क्षार वितळवून ही काच करीत, आणि तिच्यात तांबे मिसळले की मोरपिशी रंग खुले. असे मोठाले रांजण बसऱ्याच्या बाजूला घडत.

आपल्या कुंभाराला हे साधले नसते असे मला वाटत नाही. त्याचा माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार! पण खजुराचा पाक किंवा तेल महिना-महिना गलबतात न्यायचे, तर पाझरून कसे चालेल? झिलईचे सारे इंगित त्या न पाझरण्यात आहे. रंग ही वरकड हौस.

गेल्या खेपेस एका नव्या बंगल्याच्या पायाशी उपसलेली माती पाहिली. तिच्यात नखाएवढा निळा तुकडा चमकत होता. ती माती टेंपोने रस्त्यातले खड्डे बुजवायला चालली होती. हजार वर्षांचा दप्तरखाना असा चाकांखाली जातो, त्याचे खापर कोणाच्या माथी फोडावे? मालकाला कोणी सांगितलेलेच नसते.

तेव्हा वाचकहो, सुट्टीत चौलला गेलात आणि असा तुकडा दिसला, तर शोकेससाठी खिशात घालू नका. कोणत्या वाडीत, किती खोल, हे टिपून घ्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवाचून ते नुसते फुटके खापर.