मोठा पडदा, अरुंद वाट

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली (सुरू होताच टाळेबंदी आली, हा भाग वेगळा) आणि किहीमचे घर मुंबईच्या पेढीला जवळ आले. मोटारीसह समुद्र ओलांडता येऊ लागला, मुक्काम लांबले, हिशेबाचे काम लॅपटॉपवर तेथेच होऊ लागले. परंतु १४ इंची पडद्यावर जीएसटीचे विवरण आणि खरेदीचे खाते शेजारी शेजारी उघडून ताळा घेणे साठीच्या पुढील डोळ्यांना झेपत नाही. म्हणून मग २७ इंची ‘फोर-के’ मॉनिटर मोटारीत घालून किहीमला आणला जातो.

येथेच पुष्कळांचा खर्च निम्मा वाया जातो. चित्र उमटले की जोडणी झाली, असे समजले जाते. प्रत्यक्षात माऊसचा बाण अडखळत सरकतो, पान वर-खाली करताना आकडे झटके खातात, तासाभरात डोळे शिणतात. दोष मात्र चष्म्याला दिला जातो. घरातील ज्येष्ठ हळूहळू खाती तपासणेच सोडून देतात. आणि जेथे दुसरी नजर फिरत नाही तेथे चूक किती दिवस दडून राहते, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

कारण साध्या गुणाकारात आहे. फुल एचडी पडद्यावर १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३,८४० × २,१६० म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १,१९४ कोटी बिट धाडावे लागतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ या जोडणीतून चित्रासाठी जेमतेम ८१६ कोटी जातात. म्हणून ती ६० ऐवजी ३० चित्रेच पाठवते, आणि तक्रारही करीत नाही. २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये ही मर्यादा १,४४० कोटींवर गेली. लॅपटॉपचे छिद्र, केबल आणि मॉनिटरचे छिद्र या तिघांपैकी जे जुने, त्याचाच वेग सर्वांना लागू होतो. बाहेरून तिन्ही नव्या-जुन्यांत सारखीच दिसतात, ही खरी अडचण.

टाईप-सी छिद्राबाबत तर अधिकच सावध असावे. आकार एकच असला तरी प्रत्येक टाईप-सी छिद्रातून चित्र बाहेर पडत नाही. त्याशेजारी डिस्प्लेपोर्टचे चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली आहे का, ते पाहावे; चिन्ह नसल्यास लॅपटॉपची माहितीपुस्तिका वाचावी. मोबाईल चार्ज करण्याची केबल येथे बहुधा निरुपयोगी ठरते. स्वस्तातल्या अनेक हबांच्या वेष्टनावर ‘फोर-के’ ठळक आणि ‘३० हर्ट्झ’ बारीक अक्षरांत असते. ते बारीक अक्षर वाचूनच पैसे द्यावेत. एचडीएमआय केबल घेताना ‘प्रीमियम हाय स्पीड’ हे शब्द शोधावेत.

जोडल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले येथे जाऊन रिफ्रेश रेट पाहावा. ६० निवडता येत नसेल, तर मॉनिटरच्या स्वतःच्या यादीतही एकदा डोकवावे. काही मॉनिटरांत नवी एचडीएमआय पद्धत आधी चालू करावी लागते. अक्षरे बारीक वाटली म्हणून रिझोल्यूशन कमी करणे हा तर शुद्ध तोटा. रिझोल्यूशन पूर्ण ठेवून ‘स्केल’ १५० टक्के करावे. अक्षरे मोठी होतात आणि रेखीवही राहतात.

किहीमची खारी हवा धातूच्या टोकांना गंज चढवते. त्यामुळे मुक्काम हलवताना केबल काढून कोरड्या डब्यात ठेवावी आणि मॉनिटर झाकावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या किनाऱ्यावर वीज कित्येक दिवस नव्हती, हे तेथील घरमालक विसरलेले नाहीत. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, मॉनिटरला बहुधा नसते. म्हणून छोटा यूपीएस मुंबईहून निघतानाच मोटारीत ठेवावा, आणि तपासलेली दुसरी केबलही.