सोमवारी दप्तर कुणाच्या घरी?

घटस्फोटानंतर मूल काही दिवस आईच्या आणि काही दिवस बाबांच्या घरी राहील, असा ‘संयुक्त ताबा’ हल्ली अर्जांत सर्रास मागितला जातो. कायद्याची पुस्तकं उघडली तर मात्र त्याची स्वतंत्र तरतूद सापडत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा एवढंच सांगतात: सर्वांत वर मुलाचं हित, पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे, आणि समज असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी. बाकी सगळं न्यायाधीशांवर. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा कायद्यात आणायला सुचवलं होतं. ते अहवालातच आहे.

तरीही न्यायालयं असे आदेश देतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बारा वर्षांच्या मुलाबाबत दिलेला आदेश वकील अजून दाखवतात. जानेवारी ते जून वडिलांकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे. शिक्षणाचा खर्च निम्मा निम्मा. मूल ज्याच्याकडे नसेल त्याला शनिवार-रविवारी भेट. कॅलेंडरचे सरळ दोन तुकडे! आईवडिलांच्या दृष्टीने तंतोतंत न्याय. पण तिथली शाळा जूनच्या आसपास सुरू होते, म्हणजे वर्ग लागून महिना होतो न होतो तोच मुलाचं घर बदलणार. दर आठवड्याला भेटायचं तर दोन घरं एकाच गावात हवीत, आणि एकाच गावात असतील तर सहा महिन्यांचे तुकडे पाडायचे तरी कशाला?

चांगले न्यायाधीश मोजणी दुसरीकडून करतात. समुपदेशक आधी दोघांशी आणि मुलाशी बोलतात. मग न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, आईबाप आणि वकील बाहेर. ‘तुला कोण आवडतं?’ हा प्रश्न जाणते न्यायाधीश टाळतात. सकाळी डबा कोण भरतं, ताप आला तर रजा कोण टाकतं, क्लासला कोण सोडतं, शेजारी खेळायला कोण आहे, हे विचारलं की पुष्कळ कळतं. वडिलांनी निम्मा ताबा मागायचा आणि तो अर्ज नेमका पोटगीची नोटीस मिळाल्यावर दाखल व्हायचा, असंही घडतं. ‘तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ?’ यावर उत्तर ‘माझी आई बघेल’ असं आलं, की मागणी खरं तर आजीच्या वतीने आहे हे उघड होतं. आजी वाईट नसते, पण अर्जदार ती नव्हे.

माझं म्हणणं मात्र अंतिम निकालाबद्दल नाहीच. ताबा ठरतो तो अंतरिम आदेशात. पहिल्या काही तारखांना वडिलांना महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास, न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत ‘ॲक्सेस’ मिळतो. पुढे प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळतं. शेवटी युक्तिवादाच्या वेळी दुसरी बाजू उभी राहते: मूल रुळलंय, आता घडी विस्कटू नका. आणि तेव्हा ते खरंही असतं! ताब्याचा आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतो, असं कायदा म्हणतो. पण तोवर बाप मुलाला फक्त प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला माहीत असतो. मूल वडिलांकडे राहून गेलं असेल, तर आईच्या वाट्याला हेच येतं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ च्या दुरुस्तीने मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढायला सांगितलं. ताब्याच्या अर्जाला ही मुदत नाही. फीच्या पावतीची घाई, आणि मूल रात्री कुणाकडे झोपणार याला मात्र तारीख पे तारीख.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम आणि सहवास मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क मानला. तो हक्क पाळायचा तर दोन तासांची भेट पुरत नाही. दोघं जवळ राहत असतील, मारहाणीचा आरोप नसेल आणि शाळेच्या सूचनांवर एकमेकांना निरोप देण्याइतकं बोलणं उरलं असेल, तर पहिल्या दोन महिन्यांतच आठवड्यातली एक मधली रात्र तरी दुसऱ्या घरी द्यावी. गृहपाठ तिथे होऊ दे, सकाळी शाळेत तिथूनच पोचवू दे. जमलं तर रात्री वाढवा, नाही जमलं तर समुपदेशकाचा अहवाल मागवून कमी करा. साठ दिवसांचा नियम ताब्याच्या अर्जाला लावायला एक ओळीची दुरुस्ती पुरेल. विधी आयोगाच्या अहवालाइतकी तरी ती लांबू नये.