राहिलेले इंग्रजी

अमेरिकेच्या हायस्कूलची एक रीत मला फार पटते. न्यूयॉर्क राज्यात डिप्लोमासाठी 22 युनिट लागतात, त्यांत इंग्रजीची 4. एका वर्षी इंग्रजी राहिले तर मुलाला तेवढाच विषय पुन्हा करता येतो, पुष्कळदा उन्हाळी शाळेत. बाकीच्या विषयांची कमाई बुडत नाही. आपल्या मॉरिशसमध्ये मात्र इंग्रजीत नापास झालेले मूल पाहुण्यांपासून तोंड लपविते!

पण त्या रीतीला कीडही लागली आहे. राजधानी वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांची 2018 साली तपासणी झाली. 2017 मध्ये डिप्लोमा मिळालेल्या दर तिघांपैकी एकाच्या बाबतीत नियम मोडलेले आढळले. गैरहजेरीकडे डोळेझाक झाली होती, आणि राहिलेला विषय भरून काढण्याच्या वर्गांचा गैरवापरही. इंग्रजीचे असे होऊ नये. कादंबरी वाचून तिच्यावर स्वतःचे मत दोन पाने मांडायला वेळ लागतो, आणि वहीवर लाल खुणा करणारा शिक्षक लागतो. संगणकावर उत्तराला टिचकी मारून निबंध येत नाही. विषय जरूर पुन्हा द्यावा, पण पुस्तक बदलावे. निबंधाचा पहिला खर्डा तपासून परत करावा, आणि गुण दुसऱ्याला द्यावेत.