गाळणीची खरी जागा

हल्ली आमच्या नंदुरबारात पाहुण्यापुढे पेला ठेवताना 'यंत्राचे शुद्ध पाणी आहे' असे आवर्जून सांगण्याची रीत पडत चालली आहे. या काळजीबद्दल आम्ही पालकांस दोष देत नाही. परंतु ज्या पडद्याच्या भरवशावर आपण हे आश्वासन देतो, त्याची खरी जागा स्वयंपाकघर आहे काय, याचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या पडद्याचा गुण पाहू. पाणी फडक्याने गाळले असता गाळ अडतो, उकळले असता रोगजंतू मरतात. पण पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे विरघळलेले जड धातू फडक्यातून सुखाने पार होतात, आणि उकळल्याने तर पाणी आटून त्यांचे प्रमाण वाढते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सुरिराजन यांनी असा पातळ पडदा सिद्ध केला की, दाब दिल्यावर पाणी पलीकडे जावे आणि विरघळलेले क्षार बहुतांशी अलीकडेच राहावेत. धातूही तसेच अडतात.

आता जपानातील मिनामाता गावाचे उदाहरण घ्या. तेथील भयंकर मज्जाविकार १९५६ साली उघडकीस आला. कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांवाटे कोळ्यांच्या अन्नात उतरला होता. त्याच देशात जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भाताच्या दाण्यात शिरले आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली. विष मुख्यतः पेल्यातून आले नव्हते. ते ताटातून आले. घरोघरी गाळण्या असत्या, तरी त्या काय करणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, पडद्याची पहिली जागा कारखान्याच्या मोरीच्या तोंडाशी आहे. जो पाणी नासवितो, त्यानेच ते निवळावे. यावर कोणी म्हणतील, 'खर्च वाढेल, धंदे बुडतील.' परंतु खर्च टळत नाही. तो केवळ नदीकाठच्या भोयाच्या व शेतकऱ्याच्या माथी जातो. शिवाय धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यात पडद्याने अडविलेले निकेल पुन्हा कामी आणता येते.

तथापि एक सावधगिरी हवी. पडदा धातूचा नाश करीत नाही. तो त्यास निराळा काढतो. मागे उरलेले दाट पाणी रात्री नाल्यात ओतले, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. सांडपाण्यातून नदीत सोडावयाचा पारा एका लिटरात ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असा आपल्या देशात नियम आहे. पण नियम पाळणारा मनुष्य प्रामाणिक हवा.

आपल्या जिल्ह्यात ठाण्या-पुण्याएवढे कारखाने नाहीत. ते येण्यापूर्वीच हा आग्रह धरणे सोपे आहे. तापीमाई सारंगखेडा व प्रकाशा येथून पुढे उकाईच्या जलाशयात जाते, आणि तिचेच पाणी सुरतेचे लोक पितात. आपण खालच्या गावाचे वरचे शेजारी आहोत.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या कारखानदार होईल, कोणी रसायनशास्त्रज्ञ, कोणी सरकारी तपासनीस. त्या दिवशी आपल्या पेल्याबरोबर नदीकाठच्या परक्याच्या ताटाचीही आठवण ठेवा, एवढेच आमचे मागणे आहे.