गडाच्या दगडातले साक्षीदार

पावसाळ्यात नारायणगडाला नगद नारायणाच्या दर्शनाला गेलात, तर येताना ओढ्याच्या काठी जरा थांबा. पाणी ओसरल्यावर वाळूवर बारीक काळी रेघ उमटलेली दिसेल. जुन्या फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक तिच्यातून फिरवा. मिशीसारखे काळे झुपके त्याला चिकटतात. हे मॅग्नेटाइटचे कण, काळा खडक झिजून सुटलेले.

हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळून तो थरावर थर पसरला. सह्याद्रीपासून आपल्या बालाघाटापर्यंतचा काळा दगड एकाच कुळीचा. मॅग्नेटाइट फार तापले की त्याचे चुंबकत्व जाते. साधारण ५८० अंशांखाली निवले की ते परत येते आणि त्या घडीला पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा असेल तीच कणात मुरते. टांगलेली चुंबकसुई विषुववृत्ताजवळ आडवी राहते, ध्रुवाकडे जावे तशी जास्त कलते. म्हणून दगडातला कल मोजला, की तो कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते.

इंग्लंडचे नोबेलविजेते पदार्थवैज्ञानिक ब्लॅकेट यांनी अतिशय नाजूक चुंबकमापक बनवला होता, तो निराळ्याच कामासाठी. कोणतीही फिरती वस्तू चुंबक होते का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी शुद्ध सोन्याचा पंधरा किलोचा दंडगोल उसना आणला! उत्तर ‘नाही’ असे आले. पण यंत्र वाया गेले नाही, ते दगडांच्या कामी लागले. १९५६ साली लंडनच्या क्लेग वगैरे मंडळींनी दख्खनच्या दगडांवरून सांगितले, की हा लाव्हा थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंडे सरकतात ही गोष्ट तेव्हा बहुतेक जाणकार हसण्यावारी नेत. साहजिकच प्रश्न आला: दगडाची साक्ष खरी कशावरून?

इथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचे काम येते. डॉइच यांच्याबरोबर त्यांनी १९५८-५९ मध्ये दख्खनच्या थरांचे मोजमाप प्रसिद्ध केले. नुसत्या दिशा मोजून त्यांचे भागले नाही. साक्षीदारच पारखायला हवा होता. १९६५ साली एस. डी. लिखिते यांच्यासह त्यांनी एक यंत्र तयार केले. दगडाचा तुकडा उलटसुलट चुंबकक्षेत्रात धरायचा आणि तो कसा वळतो याचे वेटोळे पडद्यावर पाहायचे. वेटोळ्याच्या आकारावरून आतल्या कणांची जात कळते.

मोठा कण भावकीत वाटण्या झालेल्या शेतासारखा असतो. आत तुकडे, मध्ये बांध. बाहेरून थोडा जोर आला की बांध सरकतो, जुनी खूण मोडते. अगदी बारीक कण उष्णतेनेच डळमळतो, त्याच्या लक्षात काही राहत नाही. मधल्या आकाराचा कण मात्र एकखात्याचा, बांध नसलेला. तो धरलेली दिशा कोट्यवधी वर्षे सोडत नाही. कीर्तनाच्या कॅसेटच्या फितीला असाच बारीक चुंबकी कणांचा लेप असे, म्हणून आवाज टिके. राधाकृष्णमूर्तींनी अशा कणांवर वर्षानुवर्षे काम केले आणि १९९३ मध्ये चुंबकत्व व बेसाल्ट या विषयावर ग्रंथ लिहिला. काळ्या दगडावर आयुष्य घालवणे आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण विहीर खणताना सुरुंग लावून आपण जो फोडतो, त्याची किंमत या माणसांना कळली होती.

साक्ष टिकली. लाव्हा थिजला तेव्हा हा मुलूख दक्षिणेला तीस अंशांच्या आसपास होता. आज बीड उत्तरेला एकोणीस अंशांवर आहे. म्हणजे पायाखालची जमीन पाच हजार किलोमीटरहून जास्त चालत आली आहे. अजूनही ती वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेला सरकतेच आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. गडाच्या अगदी माथ्यावरचा उघडा दगड या कामाला चालत नाही. वीज पडली की तिच्या प्रवाहाने जुनी दिशा पुसून नवीच उमटते. म्हणून संशोधक खाणीतला किंवा रस्त्यासाठी नुकताच फोडलेला ताजा खडक शोधतात, आणि तो जागचा काढण्याआधी त्याच्यावर उत्तरेची खूण करून घेतात.