एका धन्याचीं अनेक नांवें

गेल्या दिवाळींत आमचा धाकटा पुतण्या पुण्याहून मुदखेडास आला होता. पाडव्याच्या दिवशीं फराळ आटोपून घरांतील सर्व मंडळी माजघरांत बसलेली असतां त्याच्या काकूनें त्याला सरळच विचारलें, "अरे, तूं त्या कचेरींत दिवसभर करतोस तरी काय?" तो म्हणाला, "काकू, तुम्ही तांदूळ निवडतां, तशीं मी नांवें निवडतों." मुलें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. माझा सारा जन्म हजेरीपटावर नांवें लिहिण्यांत गेलेला. त्या विषयाची थट्टा मला खपत नाहीं. मीं त्याला जवळ बसविलें आणि सविस्तर सांगावयास लाविलें. त्यानें सांगितलेलें आणि त्यावर मला सुचलेलें, असें दोन्ही या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

त्याचें काम पेटंटांच्या दप्तराचें. पेटंट म्हणजे नव्या शोधावर सरकारनें ठराविक मुदतीपुरता दिलेला अनन्य हक्क. आपल्या देशांत त्यासाठीं १९७० चा कायदा आहे, आणि हक्काची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें असते. हा हक्क शेतासारखा विकतां येतो, मक्त्यानें देतां येतो, वारसांस मिळतो. म्हणून शेताला जसा सातबारा, तशी यालाही नोंदवही असते. कायद्याच्या ६७ व्या कलमान्वयें तींत धन्याचें नांव व पत्ता आणि पुढें तो हक्क कोणाकडे गेला तें लिहिलेलें असतें.

आणि सातबाऱ्याला जो रोग तोच यालाही जडला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, दप्तर उर्दूंत. त्या लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत, त्यामुळें आमच्या गांवाचें नांवसुद्धां नवख्यानें 'मुदखेड' वाचावें कीं 'मदखेड' असा प्रश्न पडे; मग माणसांच्या आडनांवांची काय कथा! पेटंटाच्या वहींत लिपीची ही अडचण नाहीं, पण अर्जदार जसें नांव लिहून देईल तसेंच तें दप्तरीं पडतें. एकच कारखाना एका अर्जांत 'लिमिटेड' लिहितो, दुसऱ्यांत 'लि.', तिसऱ्यांत 'अँड' या शब्दाच्या जागीं नुसती खूण करतो, चौथ्यांत एखादें अक्षर गाळतो. माणसाच्या डोळ्यांना तो एकच दिसतो. यंत्राला चार धनी दिसतात. त्यांत देशोदेशींचीं दप्तरें एकत्र आणलीं म्हणजे गोंधळाला सीमा राहत नाहीं. हीं विखुरलेलीं नांवें पाहून कोणतीं एका धन्याचीं आणि कोणतीं दोघांचीं हें ठरविणें, हें आमच्या चिरंजीवांचें तांदूळ निवडणें.

"पण त्यानें बिघडतें कोणाचें?" असें आमच्या वहिनींनीं विचारलें. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे हळद पुष्कळ पिकते. समजा, नांदेडच्या एखाद्या लहान कारखानदारास हळद शिजविण्याचें नवें यंत्र काढावयाचें आहे. तशा यंत्रावर कोणाचा हक्क आहे काय, असल्यास मुदत संपली आहे काय, परवानगी कोणाकडे मागावी, हें त्यानें दप्तरांतच पाहावयाचें. धन्याच्या एका नांवाखालीं त्याला दोन पेटंटें सांपडलीं, तिसरें दुसऱ्या स्पेलिंगाखालीं दडून राहिलें, आणि यंत्र बाजारांत आल्यावर त्या तिसऱ्याची नोटीस दारांत आली, तर बिचाऱ्याचें भांडवल बुडालें.

हळदीचें नांव निघालेंच आहे म्हणून सांगतों. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेंत मार्च १९९५ मध्यें पेटंट देण्यांत आलें होतें. तें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नांवें होतें. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असतांना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली आणि १९९७ सालीं तें रद्द करविलें. आमच्या आजीनें आमच्या फुटलेल्या गुडघ्यांवर जी हळद दाबली तिच्यावर कोणी परकी मालकी सांगावी, याचा त्या वेळीं मलाही राग आला होता. ही जिंकल्याची गोष्ट शाळेंतील मुलें आवडीनें सांगतात. परंतु जिंकणाऱ्या परिषदेचें स्वतःचें नांव दप्तरांत किती वेष घेऊन वावरतें, हें मला पुतण्यानें सांगितलें तेव्हां कळलें.

ही परिषद १९४२ सालीं स्थापन झाली. तिचें इंग्रजी नांव कौन्सिल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च. दप्तरांत कोठें 'अँड' अक्षरांनीं, कोठें त्याची खूण, कोठें नुसतें सी. एस. आय. आर. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून चालू आहे. तेथील शोधांचीं पेटंटें परिषदेच्याच नांवें निघतात, कारण प्रयोगशाळा हें परिषदेचें एक अंग आहे, कायद्यानें निराळी व्यक्ति नव्हे. पुण्याचें कर्तृत्व पुण्याच्या नांवाखालीं शोधूं जाणारा बहुधा निराश होऊन परततो. तर मग सर्व सी. एस. आय. आर. एका ओळींत घातले कीं झालें, असें मीं म्हणालों. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, तेथेंच पाय घसरतो." दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरियास १९४५ सालीं स्थापन झालेली अशीच एक परिषद आहे. अक्षरें तींच, पूर्ण नांवांत फरक एवढाच कीं आपल्याकडे 'ऑफ' आणि त्यांच्याकडे 'फॉर'. घाईनें गोळा करणारा मनुष्य प्रिटोरियाचें धन दिल्लीच्या खात्यांत टाकील.

संस्कृत शिकलेल्यास यांत नवल वाटूं नये. अमरसिंहानें एका वस्तूचीं अनेक नांवें वर्गावर्गांनीं सांगितलीं, आणि एका नांवाच्या अनेक वस्तूंसाठीं तिसऱ्या कांडांत नानार्थवर्ग अगदीं निराळा ठेवला. हीं दोन कामें भिन्न आहेत हें त्यानें ओळखलें होतें. विष्णूचीं नांवें एकत्र केलीं तर सहस्रनाम होतें आणि पुण्य लागतें. परंतु 'हरि' शब्दाचे अर्थ नानार्थवर्गांत सिंह, वानर आणि बेडूक असेही दिले आहेत. जेथें हरि तेथें विष्णु असें समजणारा एखादे दिवशीं बेडकाला नैवेद्य दाखवावयाचा! म्हणूनच श्राद्धांत नुसतें नांव उच्चारून भागत नाहीं; नातें सांगावें लागतें, गोत्र सांगावें लागतें. मीं हें बोललों तेव्हां पुतण्या म्हणाला, "आम्हीही गोत्र पाहतों, काका. पत्ता, शोध लावणाऱ्यांचीं नांवें, शोधाचा विषय, हें आमचें गोत्र."

त्यांची रीत थोडक्यांत अशी. प्रथम नांव धुऊन घ्यावयाचें: टिंबें, स्वल्पविराम काढावयाचे, 'लिमिटेड', 'कॉर्पोरेशन' यांसारखीं शेपटें छाटावयाचीं. मग यंत्र दोन नांवांत किती अक्षरांचा फरक आहे तें मोजतें. शेवटीं शंकेच्या जागीं माणूस बसतो. बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठानें आणि पॅरिसच्या ओ.ई.सी.डी. या संस्थेनें अशा सुधारलेल्या नांवांच्या याद्या केल्या आहेत. इंग्लंडांतील डरवेंट या प्रकाशनसंस्थेनें तर मोठमोठ्या कंपन्यांना चार चार अक्षरांचे संकेतच देऊन टाकले.

धुण्यांत रंग जातो, तसें शेपूट छाटण्यांत अर्थ जातो. किर्लोस्कर ब्रदर्सचा उगम १८८८ चा, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची, किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ ची. कायद्याच्या दृष्टीनें तीन निराळ्या कंपन्या. केवळ 'किर्लोस्कर' तेवढें ठेवलें तर तिघींची मालमत्ता एकींत मिसळली. मर्क नांवाच्या दोन औषधी कंपन्या आहेत, एक जर्मनींत डार्मश्टाटला आणि एक अमेरिकेंत. पहिल्या महायुद्धांत त्यांची फारकत झाली, ती आजतागायत. नांव एक, घरें दोन.

अक्षरें मोजण्याचा तर आमच्या मराठवाड्यांत पुरता फजितवाडा होतो. परभणीस १९७२ सालीं मराठवाडा कृषि विद्यापीठ निघालें. इंग्रजींत मराठवाडा ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी. २०१३ पासून तें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ झालें, आणि इंग्रजींतही 'कृषि विद्यापीठ' असेंच लिहूं लागलें. म्हणजे जुन्या आणि नव्या इंग्रजी नांवांत समान शब्द एकच, 'मराठवाडा'. उलट नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ पाहा: तेथें 'मराठवाडा' आणि 'युनिव्हर्सिटी' असे दोन शब्द जुळतात! अक्षरांवर विसंबणारें यंत्र परभणीला तिच्या स्वतःच्या नव्या नांवापेक्षां नांदेडच्या अधिक जवळची समजेल. शिवाय 'कृषि' कोणी 'क्रिशि' असें लिहितो, कोणी 'क्रुशि', तें निराळेंच. नांदेडचें विद्यापीठ १९९४ पूर्वीं नव्हतें. तोंवर येथील महाविद्यालयें औरंगाबादच्या १९५८ च्या मराठवाडा विद्यापीठाचीं होतीं, आणि त्याही विद्यापीठाचें नांव १९९४ च्याच जानेवारींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असें झालें. त्या नांवासाठीं लोकांनीं सोळा वर्षें झगडा केला, प्राणही दिले. नांवाचा बदल म्हणजे शाईचा फरक, असें या भागांतल्या माणसाला कोणी सांगूं नये.

नांव बदलतें पण धनी तोच राहतो, असेंही पुष्कळदां होतें. मुंबईचें १९३३ सालचें रासायनिक तंत्रविद्येचें खातें यू.डी.सी.टी. म्हणून प्रसिद्ध होतें. २००२ मध्यें तें यू.आय.सी.टी. झालें आणि २००८ मध्यें आय.सी.टी.; आतां त्याची एक शाखा आमच्या जालन्यासही आहे. टेल्कोची २००३ सालीं टाटा मोटर्स झाली. आमच्या दारावरून जाणारा रूळमार्गच घ्या ना. आरंभीं तो हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा म्हणवला, मग निजाम स्टेट रेल्वेचा, १९५१ पासून मध्य रेल्वेचा आणि १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेचा. येथें मात्र केवळ पाटी बदलली नाहीं, हक्कही हातोहात गेला. पाटी बदलणें आणि धनी बदलणें यांतील भेद नांवाकडे पाहून कळत नाहीं. त्याला कागद पाहावा लागतो.

यावर मीं पुतण्याला एक गोष्ट सांगितली, ती घरांत पूर्वीं कोणास सांगितली नव्हती. सुमारें पस्तीस वर्षांमागें मी एका खेड्यांतील शाळेंत होतों. दाखल-खारजाचें रजिस्टर साफ करण्याचें काम मजकडे आलें. पुष्कळ मुलांच्या दोनदोन नोंदी होत्या. मूल सुगीला आईबापांबरोबर जाई, परत आलें कीं नवा नंबर पडे. मी उत्साहानें तांबड्या शाईनें दुहेरी नोंदी खोडीत सुटलों. त्यांत एका भावकींतले दोन मुलगे होते. मुलाचें नांव एक, बापाचें नांव एक, आडनांव एक. जन्मतारीख निराळी होती. ती मीं कारकुनाची चूक समजलों आणि एकाची ओळ खोडली. पुढें नऊ-दहा वर्षांनीं तो मुलगा नोकरीच्या भरतीसाठीं शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आला, तेव्हां रजिस्टराप्रमाणें तो त्या शाळेंत कधीं नव्हताच. तीन महिने त्यानें हेलपाटे घातले, मीही घातले. खोडलेलीं अक्षरें रेघेखालून वाचतां येत होतीं म्हणून अखेर दुरुस्ती झाली; मीं रजिस्टर नव्यानें उतरवून काढलें असतें तर तीही झाली नसती. पण भरतीची तारीख निघून गेली होती. तो आतां शेती करतो. बाजारांत भेटला म्हणजे अजून 'गुरुजी' म्हणून वांकतो, आणि मला तें सोसत नाहीं.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं एकाचे दोन लिहिले गेले तर शोधणाऱ्याचे श्रम वाढतात, पण दोघांचा एक केला तर एकजण नाहींसाच होतो. पहिल्या चुकीपेक्षां दुसरी फार मोठी. पुतण्यानें तें ऐकून घेतलें, आणि त्यांच्याकडेही मूळ नांवाच्या रकान्यास हात लावीत नाहींत, सुधारलेलें नांव शेजारच्या रकान्यांत लिहितात, असें सांगितलें. हें मला पटलें. असें शेजारीं लिहिलेलें नांव शोधण्याच्या सोयीचें; त्यानें मालकी इकडची तिकडे होत नाहीं. पेटंटाचा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर ६८ व्या कलमाप्रमाणें रीतसर लेख हवा, आणि ६९ व्या कलमाप्रमाणें तो नोंदवून घ्यावयास हवा.

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं लहानमोठे कारखाने आहेत, कोणाचीं मुलें संशोधन करतात. त्यांनीं अर्ज करण्यापूर्वीं आपल्या संस्थेचें इंग्रजी नांव नोंदणीच्या दाखल्यावर जसें आहे तसेंच, अक्षरशः, एका कागदावर लिहून ठेवावें आणि प्रत्येक अर्जांत तेंच उतरावें. घरांतल्या तिघांनीं तीन स्पेलिंगें करूं नयेत. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनीं लंडन व न्यूयॉर्क येथें राहून अक्षरें ओतण्याच्या यंत्रावर पेटंटें मिळविलीं. तिकडच्या कागदांत त्यांच्या आडनांवाच्या शेवटीं एक जादा 'वाय' आहे, तो गाळून शोधणाऱ्याला ते सहजासहजीं सांपडत नाहींत. पुढें संस्थेचें नांव बदललें, तर पेटंटाच्या वहींतही बदल करून घ्यावयास विसरूं नये. आपल्या भागासाठीं पेटंटाची कचेरी मुंबईस आहे. भाऊबीज झाल्यावर पुतण्या परत गेला. जातांना त्यानें आमच्या जुन्या खरेदीखतांतल्या आडनांवाचीं चार रूपें वहींत टिपून नेलीं आहेत. त्यांतील चौथें आमचेंच कीं शेजारच्या वाड्याचें, याचा निकाल अजून लागावयाचा आहे.