टायर झिजले होते, कोणाचे?

अहमदाबादच्या विमान अपघातानंतर जून २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, पथकं मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर रात्री-पहाटे फिरली. काय सापडलं, ते पत्रक काढून सांगितलंही. झिजलेल्या टायरमुळे एक देशांतर्गत विमान अडवून ठेवावं लागलं. लाइफ जॅकेटं सीटखाली धड बसवलेली नव्हती. एकदा नोंदलेला बिघाड पुन:पुन्हा डोकं वर काढत होता. नाव मात्र एकाही कंपनीचं नाही.

माझी हयात विमानांच्या देखभालीत गेली. त्यामुळे रॅम्पवरची, म्हणजे विमान उभं असतं तिथेच होणारी तपासणी मी पाहिली ती परीक्षा देणाऱ्याच्या बाजूने. युरोपात प्रवासी उतरत असतानाच निरीक्षक टॉर्च घेऊन चाकाशी उकिडवा बसायचा. टायरच्या खाचा, ब्रेकची पिन किती उरलीय, कुठे तेल ठिबकतंय का, सगळं बघायचा. शंका आली तर बोटाने पुसून बघायचा. मग कॉकपिटमध्ये लॉगबुक. पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांची पानं तो इतक्या सावकाश उलटायचा की आमच्या कॅप्टनच्या घशाला कोरड पडायची. त्रुटींचे तीन वर्ग. पहिल्यातली किरकोळ, तिसऱ्यातली निघाली, तर बहुतेकदा दुरुस्ती होईतो विमान जागचं हलत नसे. राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण त्या धास्तीने इथून निघण्याआधीच आमचे हात चार ठिकाणी जास्त फिरायचे.

दुसऱ्याचं विमान आपल्या भूमीवर तपासायचा हक्क १९४४ च्या शिकागो कराराने करारातल्या सगळ्याच देशांना दिला आहे. घोडं अडतं ते पुढे. २००२ मध्ये स्वित्झर्लंडने तपासणीत दोष सापडल्यावर इजिप्तच्या फ्लॅश एअरलाइन्सला बंदी केली. फ्रान्समधल्या प्रवाशांना त्याची गंधवार्ता नव्हती. ३ जानेवारी २००४ ला त्या कंपनीचं विमान शर्म अल शेखहून उडालं आणि तांबड्या समुद्रात कोसळलं. १४८ जण गेले, त्यातले बहुतेक फ्रेंच पर्यटक. ते दोषच अपघाताला कारण झाले, असं चौकशीत ठरलं नाही, हेही सांगायला हवं. पण शेजारच्या देशाला ठाऊक असलेली गोष्ट तिकीट काढणाऱ्याला का कळू नये, हा संताप शमला नाही. २००५ च्या युरोपीय कायद्यामागे त्याचा मोठा वाटा होता. २००६ पासून बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी तिथे उघड छापली जाते आणि विमान नेमकी कोणती कंपनी उडवणार, हे आरक्षणाच्या वेळीच सांगावं लागतं.

आपल्याकडे कोणती विमानकंपनी किती वक्तशीर, कोणाविरुद्ध किती तक्रारी, हे डीजीसीए दरमहा नावानिशी छापते. म्हणजे उशीर झाला तर नाव, आणि टायर झिजला तर ‘एक विमान’! घबराट पसरेल, असं म्हणतील. बरं, किरकोळ नोंदी राहू द्या फायलीत. तपासणीत अडवून ठेवलेल्या विमानांची यादी तेवढी, कंपनीच्या नावासकट, त्याच मासिक अहवालात एक पान वाढवून छापा.